फोनमधलं मैदान

सोम. ४ डिसें.
सरपंच म्हणून शाळेच्या ट्रस्टवर बसले. गावचा सरपंच तितं असतोच, त्यांच्या नियमातच हाय. पण बैठक कधी न्हाय, सगळं फोनच्या ग्रुपवर. बाकीचे लिवतात. मला तेवढं जमत न्हाय, मी बोलून पाठवते. आज अध्यक्ष आप्पांनी टाकलं, पोरींचं खो-खोचं मैदान त्यांच्या मंगल कार्यालयाच्या गाड्यांना द्यायचं. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी बोलले. लई बोलले. भाकरी करपली.

बुध. ६
जावेनं माझ्यावरच माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. महादेवीनं. एका चुलीवर जेवतो आमी! तिची धाकटी खो-खो खेळती. मैदानाबद्दल सरपंचबाई ट्रस्टमध्ये काय बोलल्या, ते दाखवा म्हणती. म्हटलं, अगं, घरात विचारायचं की.
"घरात तुमी जाऊबाई, अक्का. मला सरपंचाचं उत्तर पायजे."
ह्ये हसून हसून खाली बसले.

गुरु. ७
आप्पांचा फोन. ट्रस्ट खाजगी हाय, तितलं बाहेर जात न्हाय, बोललेलं पुसून टाका. म्हटलं, मी तितं कुणाची सून म्हणून बसले न्हाय, गावची सरपंच म्हणून बसले. मग म्हणाले, नवरा आमच्या शाळेत शिपाई हाय, इसरू नका.
जेवताना ह्यांना सांगितलं. भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणतात, "घंटा काय, देवळात पण वाजवता येती. तू पुसू नको."
चांगला माणूस. घोरतो तेवढं सोडलं तर.

शनि. ९
ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तालुक्याला विचारून आणलं. ट्रस्टचे कागद ट्रस्टकडं. पण सरपंच म्हणून मी जे बोलले ते ग्रामपंचायतीचं, फोन माझा असला तरी. पुसायचं तर मुळीच न्हाय. महादेवीनं यावं, बसून ऐकावं. आता आप्पांना काय सांगायचं ते भाऊसाहेब बघतील. घामाघूम झालेत बिचारे.

सोम. ११
महादेवी कोरी इरकल नेसून ग्रा.पं.त आली. मला मॅडम म्हणाली! सकाळी माझाच कंगवा घेऊन गेलेली.
भाऊसाहेब म्हणाले, आवाज बारीक ठेवा. मी मोठा केला. खिडकी उघडी, खाली खो-खोची सगळी टीम. मला काय म्हाईत. (म्हाईत हुतं.)
माझाच आवाज आला : "आप्पा, लगीन एक दिवसाचं, पोरी रोज पळत्यात. गाड्या तुमच्या अंगणात लावा. माझं उत्तर, न्हाय. लिवून घ्या, न्हाय." आणि मागनं सासूबाई, "अगं बये, भाकर जळाली."
खिडकीखाली हसून लोळल्या पोरी. भाऊसाहेबांनी तोंडावर फाईल धरली. महादेवीनं सही केली, माहिती मिळाली म्हणून. घरी येऊन म्हणाली, आजपासनं भाकऱ्या मी करते, तुमी बोलत जा.

बुध. १३
ग्रुपवर दोघांनी अंगठा काढून घेतला. आप्पांनी रविवारी सगळ्यांना समोर बोलावलंय. माझ्याशी बोलत न्हायत. ह्यांची घंटा आज तरी शाळेतच वाजली.
पोरींनी मैदानावर चुन्याच्या रेषा मारल्या, लई ठळक. रविवारी काय व्हईल... बघू.
महादेवीचा दुसरा अर्ज लिवून तयार. रविवारी सरपंचबाई काय बोलल्या, ते दाखवा. मी अजून तोंड उघडलं न्हाय, तोवर.