मळ्यातल्या मातीची खपली

बाबा, आज आपल्या मळ्यात मी कमरेइतका खड्डा खणून घेतला. तू असतास तर बांधाच्या मेरेवर उभा राहून आधी विचारलं असतंस, "खड्डो कित्याक गो? माड लावतंस?" माड नाही लावायचा. आता माझं कामच ते आहे. गावोगावच्या शेतात खड्डा घ्यायचा, त्याची एक बाजू सुरीने सरळ कापायची आणि जमिनीच्या पोटात काय आहे ते शेतकऱ्यांना दाखवायचं. आपल्या गावची पाळी आली तेव्हा कुणाच्या शेतात खणायचं असा प्रश्न निघाला आणि मी आपल्याच मळ्याचं नाव घेतलं. ऑफिसात सांगितलं की ओढ्याच्या, आपल्या व्हाळाच्या कडेची जागा आहे, मिठबावच्या रस्त्यावरून उतरायला सोपी आहे. ते खरंच आहे, पण कारण ते नव्हतं. या मळ्याबद्दल गावाला आठ वर्षं एक गोष्ट चुकीची माहीत आहे आणि ती तशीच राहू दिली ती मी. आज ती सगळ्यांसमोर सांगायची असं ठरवून मी तिथे उतरले होते.

आधी तुला माती सांगते. वरची वीतभर माती करडी, तपकिरीकडे झुकणारी. बोटांत चुरली की तांदळाच्या पिठासारखी लागते. रेतीची खरखर नाही आणि चिकणमातीसारखी ती बोटाला धरूनही बसत नाही. हा पोयटा, व्हाळाने वर्षानुवर्षं आणून टाकलेला बारीक गाळ. वीतभराच्या खाली मात्र रंग बदलतो. राखाडी मातीत गंजाचे ठिपके दिसतात आणि भाताची जुनी मुळं जिथून गेली तिथे नारिंगी रेषा उमटलेल्या असतात. पाणी जिथे अडून राहतं तिथली माती राखाडी पडते आणि मुळाच्या वाटेने जिथे हवा पोचते तिथलं लोखंड गंजतं. म्हणजे ही जमीन दलदलीची नाही, पण निचऱ्याची म्हणावी तर तशीही नाही. पाणी तिच्यातून उतरतं, पण सावकाश उतरतं. वर सड्यावर पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी कातळ कोरडा, आणि इथे भात कापून झालं तरी आज खड्ड्याच्या तळाशी पाणी पाझरायला लागलं. हे सगळं वाचायला मला चार वर्षं कॉलेजात जावं लागलं. तू सांगायचास, "वरसून सुकली तरी हिच्या पोटात पाणी आसा. हिका घाई चलाची नाय."

मी आठ-नऊ वर्षांची असेन. भात कापून झालं आहे आणि त्याच जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरायचा आहे. तू रोज सकाळी चपला मेरेवर काढून ठेवतोस, मळ्यात उतरतोस, एका जागी टाच रोवतोस आणि वळून तिच्याकडे बघतोस. टाचेच्या खळग्याची कड ओल्या मडक्यासारखी चकाकली तर वर येतोस. कड भुरभुरली तर मूठभर माती घेऊन दाबतोस आणि तो गोळा कमरेपासून खाली सोडतोस. गोळा चपटा झाला तर अजून थांबायचं. फुटून विखुरला तर वापसा आला, आता नांगर घालायला हरकत नाही. मी तुझ्या मागून तुझ्याच पावलांशेजारी टाच दाबते आणि ओरडते, "बाबा, माझी कड भुरभुरली!" तू हसतोस. "तुझी टाच हलकी गो. हलक्या टाचेक माती दोन दिस आदीच सुकलेली वाटता."

वाडीतले सगळेच तुला बोलवायचे. मेरेपलीकडचे काका तर आपल्या कुणग्यातून, त्या लहानशा भातखाचरातून, हाळीच घालायचे, "ये रे, तुझी टाच घेवन ये!"

"माझ्या टाचेक काय देतंस?"

"चाय देतंय, जेवूक घालतंय, पण लवकर ये. पेरणी कधी म्हणान बायलेन डोक्या खाल्ल्यान!"

तू जायचास. तू थांब म्हटलंस की काका थांबायचे. वाडीत या एका गोष्टीत तुझा शब्द चालायचा आणि तुला त्याचा अभिमान होता. तू तो कधी बोलून दाखवला नाहीस, पण बोलावणं आलं की तू अंगणात पाय धुऊन जायचास. चिखलात उतरायला पाय धुऊन कोण जातं, असं आई म्हणायची.

मग मी पदवी घेऊन घरी आले. आपल्या घरातली पहिली. त्या वर्षी काकांनी हाक मारली तेव्हा तू पडवीतूनच म्हणालास, "माका कित्याक बोलवतंस आता? चेडवाक विचार. तां शिकला." आणि मला ते खरं वाटलं. मला गावासाठी काहीतरी करायचं होतं, बाबा, आणि ते मनापासून होतं. बायकांचा गट जमवला, गटाला पॉवर टिलर मिळवून दिला, कुठल्या दिवशी कुणाचं शेत याचं वेळापत्रक कागदावर आखलं. टिलर आपल्या वाडीत दोनच दिवस राहणार होता, मग पुढच्या गावाला जायचा होता. दुसऱ्या दिवशी शेवटचं शेत आपलं होतं. तू सकाळी टाच रोवलीस. कड चकाकत होती. मीही पाहिली.

"चार दिस थांबूया," तू म्हणालास.

"चार दिवसांनी टिलर नसेल, बाबा. वरची माती सुकलीय, बघ ना. आणखी उशीर केला तर ओल उडेल, उगवण कमी होईल. पुस्तकात दिलंय तसं."

"पुस्तकात ह्यो मळो आसा?"

मेरेवरच्या बायका हसल्या, टिलरवाला हसला. तू माझी चेष्टा केली नव्हतीस, तुझं बोलणं तसंच असायचं. पण मला ते हसणं लागलं. मी त्या सगळ्यांच्या देखत, ऑफिसात बोलतात तशा मराठीत म्हणाले, "टाचेच्या अंदाजावर शेती करायचे दिवस गेले." तू मेरेवर जाऊन चपला घातल्यास आणि टिलरवाल्याला म्हणालास, "घाल रे मशीन. चेडू सांगता मां."

मळा इतका सुंदर दिसला त्या दुपारी. मी फोटोसुद्धा काढले. पोयट्याची माती ओली असताना घुसळली की तिचे कण मोकळे होत नाहीत, त्यांचा लगदा होतो, हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी बरोबर लिहिलं असतं. कुळीथ पेरला. मध्ये एक लहानशी सर येऊन गेली आणि त्यावर कडक ऊन पडलं. आठव्या दिवशी काकांच्या कुणग्यात हिरवं दिसत होतं आणि आपला मळा सारवलेल्या खळ्यासारखा गुळगुळीत पडला होता. तू उकिडवा बसलास, कोयत्याच्या टोकाने वरची खपली उचकटलीस. हाताच्या पंजाएवढा पापडासारखा तुकडा निघाला. खाली कुळथाचा कोंब होता, पांढरा, दोनदा वळलेला, खपलीला खालून डोकं लावून थांबलेला. तू तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवलास. मी ओरडा खायची वाट बघत होते. तू एवढंच म्हणालास, "बियाणां बरां होतां. वर येवक वाट मिळाक नाय तेका." आणि थोड्या वेळाने, "ह्यां ठेव तुझ्याकडे."

तेवढ्यात काका मेर ओलांडून आले. "काय रे, मळ्याक सारवण घातलंस? दशावतार आणतलंस की काय हय?"

तू उठलास, गुडघे झाडलेस. "माझी घाई झाली," तू म्हणालास. "वय झाला. टाचेक कळणा नाय आता."

मी तिथेच उभी होते, बाबा. हातात तो तुकडा होता. एक वाक्य बोलायचं होतं आणि मी बोलले नाही. गटाच्या बायका काय म्हणतील, शिकून काय उपयोग असं वाडी म्हणेल, असं काहीतरी त्या क्षणी डोक्यात होतं. संध्याकाळी सांगू, उद्या सांगू असं करत ते राहिलं. आईला माहीत होतंच. त्या वर्षी आपल्या घरात पहिल्यांदा कुळीथ जामसंड्याच्या बाजारातून आला. आई पिठी ढवळताना म्हणाली, "इकतच्या कुळथाक वासच नाय." तू भातावर पिठी ओतून घेतलीस, ओरपलीस आणि म्हणालास, "बरी झाली हा." आई तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घालून जेवले.

पुढच्या वर्षी तुला कुणी बोलावलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तू सकाळी आपल्याच मळ्यात टाच रोवून यायचास आणि बरोबर दिवशी पेरायचास, कुळीथही बरा यायचा, पण लोकांनी एकदा ऐकलं होतं की म्हाताऱ्याचा अंदाज गेला, आणि ते तुझ्याच तोंडून ऐकलं होतं. मग त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ताप आला आणि तू गेलास.

आज खड्ड्याभोवती वीसेक माणसं होती. मी गंजाचे ठिपके दाखवले, पाझरणारं पाणी दाखवलं, वापसा येण्याआधी या जमिनीत मशीन घातली तर काय होतं ते सांगायला लागले. काका पुढेच उभे होते. आता काठी घेतात. ते हसून म्हणाले, "ह्या मळ्यान तुझ्या बापाशीक पण शेवटाक फसवल्यान गो. येवढो जाणकार माणूस!"

मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, "काका, तो फसाक नाय. तो चार दिस थांबूया म्हणा होतो. मशीन मी घालूक लावलंय. त्येणां माझ्यासाठी आपल्यार घेतल्यान."

मग गटातली एक बाई म्हणाली, "मगे तेवाच कित्याक सांगाक नाय?" मी म्हटलं, "लाज वाटली." काका काठीवर दोन्ही हात ठेवून व्हाळाकडे बघत बोलले. "मगे दोन वर्सां तो सकाळी माझ्या मेरेवरसून जाय. माझ्या कुणग्याकडे बघी आणि वायच थांबी. माका वाटी, दमलो म्हणान थांबता. मी हाक मारूक नाय."

ते तुला कळवावंसं वाटलं म्हणून हे पत्र. मला हे माहीत नव्हतं. तू त्या वाटेने जात होतास हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं की चूक एका हंगामाची होती, एका मळ्याची, आणि ती तू सहज पोटात घातलीस. तू थांबत होतास, बाबा, कुणी बोलावेल म्हणून. सांगून टाकलं की हलकं वाटेल असं मी समजून चालले होते. तसं काही झालं नाही. फक्त आता वाडीला खरं माहीत आहे आणि काकांनी घरी जाताना दोघा-तिघांना पुन्हा ते सांगितलं, माझ्यासमोरच. "तो चुकाक नाय होतो. आमी चुकलव."

चहा झाला, लोक पांगले. पडवीत बसून मी हे नमुन्यांच्या फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. पावडरीच्या जुन्या डब्यात तो खपलीचा तुकडा अजून आहे. कोंब कधीच गळून गेला, पण खालच्या बाजूला त्याच्या डोक्याचा बारीक खळगा दिसतो. हे कागद घडी करून त्याच्याखाली ठेवीन.

एक गोष्ट राहिली. जाताना काका म्हणाले, "आता इलंस तर माझो कुणगो बघून जा." मी बूट काढून मेरेवर ठेवले आणि उतरले. टाच रोवली, वळून बघितलं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते, तुझ्याकडे बघायचे तसे.

"चार दिवस थांबा," मी म्हटलं.

"सुकल्यासारख्या दिसता की गो."

"चार दिवस, काका."

त्यांनी मान हलवली आणि काही न विचारता घरी गेले. त्यांना वाटलं मला कळलं. मला दोनच दिवस वाटत होते, बाबा. कड भुरभुरायलाच आली होती. माझी टाच अजून हलकी आहे, म्हणून त्यात तुझे दोन मिळवून सांगितले.