पावणेतीन तास

अण्णा,

कोलकात्याहून मुंबई विमानाने साधारण साडेसोळाशे किलोमीटर आहे. वेळ पावणेतीन तास. आज दुपारी मी हे पुन्हा पाहिलं. कुठे जायचं नव्हतं. कोलकात्याची नोकरी संपवून मी परत आले, आता भिवंडीतच असते, तुमच्या खोलीत झोपते. कुकर लावला होता आणि फोन हातात होता, एवढंच.

तुमच्यासाठी कलकत्ता किलोमीटरमध्ये नव्हतं. दापोड्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात तुम्ही बुकिंगला बसला आहात, दाराशी कापडाच्या गाठी, आणि एक लूमवाले शेठ विचारतात, "मुनीमजी, माल कलकत्ता कब लगेगा?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "छह दिन." ड्रायव्हर चहा पिता पिता हसतो. त्याला पाच पुरतात. "और पाँच में पहुँचा तो, मुनीमजी?" "तो एक दिन सो जा."

दहावीच्या सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन आले होते. तुम्ही बाहेर गाडी भरून घेत होतात. कलकत्त्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला, तो मी घेतला आणि ड्रायव्हरकडून ऐकलेलं सांगून टाकलं. पाच दिवस. पाचव्या दिवशी त्याने हमाल आणून गोदामाबाहेर उभे केले. गाडी सहाव्या दिवशी लागली. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "गाडी किती चालते ते सांगायचं नसतं. दारात कधी टेकते ते सांगायचं. तिथे माणूस उभा असतो." त्या दिवशी डबा न उघडताच घरी आला.

मग ती सकाळ. तुम्ही भिवंडीत दवाखान्यात, मी तिकडे कोलकात्यात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, पुढ्यात उत्तरपत्रिका. आईने फोन तुमच्या कानाला लावला होता.

"कधी येतेस?"

"येते ना अण्णा. पावणेतीन तासांचं तर विमान आहे."

"बरं."

तुम्ही त्यात काहीच मिळवलं नाहीत. विमानतळावर किती आधी जावं लागतं, उतरल्यावर भिवंडीपर्यंत रस्ता किती तुंबतो, एक अक्षर विचारलं नाहीत. मी दारात टेकायची वेळ सांगते आहे, असं धरलंत.

पुढचं आईने सांगितलं. तुम्ही उशीला टेकून बसलात. चष्मा पुसून मागितलात. घड्याळ पाहत राहिलात, आणि वेळ होत आली तशी तिला म्हणालात, "जा, खाली गेटवर उभी राहा. तिला वॉर्ड सापडायचा नाही." आई खाली गेली. बराच वेळ उभी राहिली. वर आली तेव्हा तुम्ही गेला होतात. तुमच्याजवळ कुणी नव्हतं.

नंतर एकदाच, भाजी निवडताना, आई म्हणाली, "खाली फार ऊन होतं गं."

विमान उशिरा सुटलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. आईलाही. ती जाईपर्यंत तेच चाललं.

हा कागद कुठे टपालात टाकायचा नाही, तेव्हा लिहिते. तुमच्याशी बोलले तेव्हा मी तिकीट काढलं नव्हतं. फोन ठेवला आणि उरलेल्या उत्तरपत्रिका पुढे ओढल्या.