तांबडी कुर्ली

आचरा,
मंगळवार, १० डिसेंबर २०२४

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत, दिव्याला आणि रियालाही सांग. आबा अजून माझ्याकडेच आहेत. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलं. तोवर सगळं धुक्यातून दिसतं त्यांना, पण कबूल करतील तर शपथ. अंगणात येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारतात आणि निम्म्या वेळा चुकतात. काल पोस्टमनला "ये रे विकी" म्हणून चहाला बसवलं.

पार्सलात पुस्तक आहे. ते बाजूला ठेव आणि आधी हे वाच. फोनच करणार होते, पण तू मला बोलू देतोस कुठे? "बाय, कव्हर कसा झाला ता सांग" म्हणून सुरू होतोस. मग मी नारळांचे भाव, खाडीचं पाणी, माकडांनी केलेली नासधूस, असं जगातलं सगळं बोलते आणि फोन ठेवून देते. म्हणून हे पत्र.

तर तुझी बहीण लेखिका झाली. छापील. इतकी वर्षं शाळा सांभाळून, स्वयंपाक उरकून लिहीत होते, तेव्हा वाटायचं, पुस्तक हातात आलं की रडू येईल. आलं तेव्हा मी डाळ फोडणीला टाकत होते. खोका फोडला, पुस्तक बघितलं, पुन्हा खोक्यात ठेवलं आणि डाळ करपली. भावोजी तुझे म्हणाले, "झाला ना मनासारखा? मग तोंड कित्याक असा?" काय सांगू त्यांना?

लोक तर विचारूच नकोस. आमचे हेडमास्तर म्हणाले, "छान, छान. आता मोठ्यांसाठी काहीतरी लिहा, बाई." म्हणजे पोरांसाठी लिहिणं हे पोहायला शिकताना पोटाला बांधायचे नारळ, एकदा पोहता आलं की सोडून द्यायचे! शेजारणी म्हणतात, "माका एक असाच दी गो, पोरां बघतीत." कुणी म्हणत नाही की वाचतीत. आणि ज्या प्रकाशकांनी मला इतकी वर्षं लटकवत ठेवलं ते वेगळेच. एकाने कळवलं की गोष्ट फार स्थानिक आहे. दुसऱ्याने होही कळवलं नाही, नाहीही कळवलं नाही, मात्र दर दिवाळीला न चुकता शुभेच्छा पाठवल्या.

शेवटी पुण्याच्या या लोकांनी घेतलं. तेव्हा तुला फोन केला तर तू कुडाळच्या बाजारात मोठ्याने ओरडलास, माझ्या कानात अजून आहे ते. पण घेतल्यावर काय झालं ते मी तुला पूर्ण कधी सांगितलं नाही.

संपादकबाईंचा पहिला फोन नावावरूनच. "'कुर्लीचा झगा' मुलांना कळणार नाही. खेकडा म्हणू या." मी म्हटलं, अहो, गोष्टच तिची आहे. ती वाढते, अंगावरचा झगा घट्ट होतो, तो टाकून ती मऊ अंगाने बिळात लपते, नवा झगा येईपर्यंत तिला सगळ्यांची भीती वाटते. ती मुलगी आहे. खेकडा कसा झगा घालेल? त्या शांतपणे म्हणाल्या, "मग अंगरखा करू." खेकड्याचा अंगरखा! बाळा, मी वर्ग सोडून व्हरांड्यात आले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी तरी तारस्वरात भांडले. म्हटलं, आमच्याकडच्या पोरांनी पुण्याचे सगळे शब्द शिकायचे, आणि तुमच्या पोरांना आमचा एक शब्द जड होतो? एक! मग पत्रं, मेल, पुन्हा फोन. त्या आपल्या गोड बोलत राहिल्या आणि मी तापत राहिले. आषाढात एकदा त्यांचा फोन आला, "ठीक आहे, कुर्लीच ठेवू." मला एवढा आनंद झाला की मी तिथेच पायरीवर बसले.

त्याच फोनवर पुढचं बोलणं झालं. तेच सांगायला इतका वेळ मी नारळ आणि डाळ करत बसले आहे.

पुस्तकात तुझी चित्रं नाहीत.

एकही नाही. कव्हरवर नाही, आत नाही, आणि म्हणून तुझं नावही नाही. त्या म्हणाल्या, चित्रं अंधारी आहेत, चिखल फार आहे, मुलांना उजळ लागतं, आमचा चित्रकार ठरलेला आहे. आणि मी काय म्हणाले? "बरं" म्हणाले. झग्यासाठी अख्खी शाळा डोक्यावर घेतली ती मीच, आणि तुझ्या वेळी माझं तोंड उघडलं नाही. भीती वाटली रे. वाटलं, आत्ताच एक मागणं मान्य झालंय, लगेच दुसरं मागितलं तर म्हणतील, जा तुमच्या कुर्लीला घेऊन. माझ्यात एकाच भांडणाचं बळ होतं, ते मी माझ्या शब्दावर खर्च केलं.

तुझ्यावरही चिडले होते, खोटं कशाला बोलू? गेल्या वर्षी शिमग्यात देतो म्हणालास आणि गणपतीत दिलीस. तोवर माझा जीव टांगणीला. फ्लेक्स आल्यापासून दुकानांचे बोर्ड कुणी रंगवून घेत नाही, तरी तुला वेळ कसा मिळत नाही, असं मी भावोजींना बोलूनसुद्धा दाखवलं. मग चित्रं आली. खाडीच्या चिखलातली ती शेवाळी-काळी कुर्ली, डोळे दांड्यांवर उभे, एक नांगी जरा लहान, कारण तू न्हाणीघरात बादलीत ठेवलेल्या कुर्लीची तशीच होती. दिव्याने शेजाऱ्यांकडे आंघोळीला जायचं तेवढं बाकी राहिलं होतं. झगा टाकल्यावरची मऊ कुर्ली तू अशी काढलीस की तिला हात लावायला भीती वाटावी, आपल्या हाताने तिला दुखेल म्हणून. ते चित्र बघून मी माझ्या गोष्टीतली चार वाक्यं खोडली. त्यांची गरजच उरली नव्हती.

हे मी संपादकबाईंना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्यांनी उलट विचारलं, "चित्रकारांशी आम्ही बोलू का? त्यांना वाईट वाटेल." परक्या बाईला सुचलं ते. मी म्हणाले, "नको हो, तो काय, माझा भाऊच आहे."

नंतर त्यांनी नवी चित्रं मोबाईलवर पाठवली. मी बघितली, आणि होकाराचा अंगठा पाठवला.

आता काय बघितलं ते ऐक. कुर्ली तांबडी आहे. लालभडक, पापण्यांसकट. त्यांच्या चित्रकाराने बहुतेक ताटातलीच बघितली असणार. शनिवारी मी पुस्तक वर्गात नेलं, पहिलं पान उघडून धरलं, तर पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "बाई, ही शिजलेली आसा!" मागून दुसरी, "तोपातली कुर्ली! सोलकढी खंय?" सगळा वर्ग खिदळला. मी पण हसले. मग वाचायला लागले, आणि नवा झगा येईपर्यंत ती बिळात घाबरून बसते तिथे आले, तर कुणालाच तिची काळजी वाटेना. मेलेलीची काय काळजी करायची? मी पुस्तक मिटलं आणि पाढे म्हणायला लावले.

हे इथे संपलं असतं तर मी तुला तोंड दाखवलं असतं. संपलं नाही.

घरी आले तर आबांनी खोक्यातलं एक पुस्तक काढून ओटीवर नेलेलं. डोळ्यांपाशी धरून म्हणाले, "गो सावित्रे, बाळ्यान हिका तांबडी कित्याक केल्यान?" मी पिशवी खुंटीला अडकवत राहिले. तेच पुढे म्हणाले, "असांदे. बाळ्यान केल्यान म्हणजे कायतरी इचार करूनच केल्यान असतला. हात बरो बसलो हा तेचो." आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तेचीच ना चित्रां?"

मी "होय" म्हणाले.

तेव्हापासून पुस्तक त्यांच्याजवळच असतं. येईल त्याला दाखवतात. शेवंतीकाकी मासे घेऊन आली, ती हसायला लागली, "तुझ्या झिलान कधी कुर्ली बघूक नाय काय?" आबा तिच्यावर असे खेकसले की ती बांगडे न देताच निघून गेली. ज्याने बादलीतल्या कुर्लीच्या नांगीचे चिमटे खाऊन खाऊन तिचा रंग शोधला, त्याच्या नावावर ही चूक आता अख्ख्या वाडीत फिरते आहे, आणि ती फिरवतोय आपला बाप, कौतुकाने. तुझी चित्रं गाळली ती प्रकाशकांनी, पण हे मी केलं.

दोनदा त्यांना खरं सांगायला गेले. दोन्ही वेळा पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. मी चहा हवा का विचारून परत आले.

रविवारी कुडाळला प्रकाशन आहे. तू नवा शर्ट शिवायला टाकलास, दुकानदारांना सांगून ठेवलंस, ते सगळं तूच मला फोनवर सांगितलंस आणि मी "हो का" म्हणत राहिले. त्या समारंभाला येऊ नको म्हणायचा मला हक्क नाही, आणि ये म्हणायला तोंड नाही. तुला वाटेल ते कर. पण गुरुवारच्या आधी इथे ये. काल जेवताना आबा म्हणाले, "डोळे बरे झाले काय पयला बाळ्याचा नाव वाचतलंय." ते नाव तिथे नाही, बाळा. त्यांनी ते शोधत बसायच्या आधी त्यांना माझ्या तोंडून कळायला हवं, आणि तू समोर असल्याशिवाय माझ्या तोंडून खरं निघत नाही, हे आता मला पुरतं कळलंय.

मी सांगेन सगळं. तू फक्त एक कर. "जावंदे गो बाय" म्हणू नकोस. भांड माझ्याशी. तू "जावंदे" म्हणशील याची मला खात्री होती, म्हणून तर त्या दिवशी संपादकबाईंना मी फोनवर "माझा भाऊच आहे" असं इतक्या सहज बोलून गेले.

पुस्तकावर एकटीचंच नाव असलेली,
तुझी बाय