गुणाचा टाक

उंबरमाळी
१० मार्च २०२५

तीर्थरूप आईंना सुरेखाचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. वाल उपटून झाले. दाणा चांगला भरला आहे, थोडे तुमच्यासाठी बाजूला ठेवलेत. गुडघ्यांना तेल लावता ना? अक्षदा म्हणते, आजी ऐकत नाही.

फोनच केला असता. पण माझा आवाज ऐकला की तुमचा फोन बंद होतो.

अक्षदाचं लग्न अक्षय्य तृतीयेला ठरलं. मुलगा किन्हवलीचा, वायरमन आहे. हे तुम्हाला तिनंच सांगितलं असेल. दर मे महिन्यात ती तुमच्याकडे येते. तुम्ही मात्र सतरा वर्षांत आमचा उंबरा ओलांडला नाही. गुणाताई जाऊन वर्ष व्हायच्या आत ह्यांनी मला आणलं. तुमच्या जागी मी असते तर मीही आले नसते.

अक्षदाची एक इच्छा आहे. हळदीच्या सकाळी तिच्या आईच्या टाकाला तुमच्या हातानं आंघोळ घालावी. आधी आईला हळद लागावी, मग तिला. आजी येईल का, हे ती मला विचारते. तुम्हाला विचारायला घाबरते.

आपल्यात दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, कुंकू आधी तिला लावायचं, मग स्वतःला. मंगळसूत्राबरोबर तो मला बांधला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ही मोठी, तू धाकटी. चांदी तुमची होती. तुम्ही लग्नाला आला नाहीत, पण गुणाताईंचे पैंजण मोडून टाक घडवलात आणि पाठवलात.

आता जे लिहायचं ते लिहिते. तो टाक माझ्याकडे नाही.

अक्षदा नऊ वर्षांची होती. आषाढात भाताची लावणी चालली होती. चिखलात तो गळ्यातून पडला. मी घरी सांगितलं, कानातलं पडलं. हेही माझ्याबरोबर तीन दिवस कानातलं शोधत होते. सापडलं नाही.

पुढे पितृपक्ष आला. नवमीला सवाष्ण गेलेल्यांचं पान वाढायचं, आणि टाकाशिवाय कोणापुढे वाढणार? मी शहापूरला जाऊन पायातली जोडवी मोडली. सोनारानं विचारलं, टाक कोणाचा? सवतीचा, म्हटलं. त्यानं नाव विचारलं नाही. उभ्या बाईचा एकच ठसा त्याच्याकडे होता. सगळ्यांच्या सवती त्यातूनच निघतात.

घरच्यांनी मिळून पूजा केल्याशिवाय टाक म्हणजे नुसता पत्रा, हे मला ठाऊक होतं. मी एकटीनं विहिरीवर त्याला दुधानं धुतलं आणि गळ्यात घातला. जोडवी रुतत होती म्हणून काढली, असं सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, हिला नवऱ्यापेक्षा बोटं प्यारी. नंतर म्हशाच्या जत्रेत पांढऱ्या धातूची घेतली. तीच अजून आहेत.

म्हणजे तुम्ही आलात तर तुमच्या हातात तुमच्या लेकीची चांदी नसेल, माझी असेल. हे लपवून तुम्हाला त्या टाकाला आंघोळ घालू देणं मला जमणार नाही. ह्यांना आणि अक्षदाला यातलं काही माहीत नाही.

काय करू ते कळवा.

तुमच्या उत्तरावर थांबलेली,
सुरेखा

*

सिद्धगड पायथा
२२ मार्च २०२५

हरेशच्या बायकोस,

मी नम्रता, इथली अंगणवाडीताई. काशीआजी जसं बोलल्या तसं लिहिते आहे.

पत्र पोचलं. वालाचं कायेक नको, आमच्याकडं हायेत.

टाकाचा दोरा मी माझ्या हातानं वळला व्हता. पाच पदरी. पाठवताना गाठ मीच मारली. लावणीत मीबी जन्म काढलाय. वाकून वाकून बाईचं कंबरडं मोडंल, पर तसला दोरा सुटायचा नाय. बैलाला बांधला असता तरी टिकला असता.

तू शिकलेली हायेस, पत्र चांगलं लिवतेस. पर अधू मी डोळ्यांनी झालीय, बाकी नाय. खरं काय ते लिव. नायतर परत लिवू नको.

अक्षदाला यातलं मी काय बोलले नाय.

काशी
गुणाची आय

*

उंबरमाळी
२ एप्रिल २०२५

तीर्थरूप आई,

दोरा सुटला नाही. मी विळ्यानं कापला.

त्या वर्षी मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. तिसरा महिना सरताना, पहिल्यासारखंच, सगळं संपलं. सासूबाईंनी भगताला विचारलं. तो म्हणाला, गळ्यातली हिची कूस उजवू देत नाही. कोंबडी दिली. नारळ दिला. सगळे माझ्या गळ्याकडे बघायचे. मीसुद्धा आरशात तिथंच बघायचे.

अंगात ताप होता तरी लावणीला गेले. दुपारी बाकीच्या बाया भाकरीला बांधावर गेल्या. मी मागे राहिले, दोरा कापला, टाक चिखलात पायाखाली दाबला आणि त्यावर रोपं लावली. मग हात धुऊन भाकर खाल्ली. पोटभर खाल्ली, हेही सांगते.

अक्षदा शाळेत जायच्या आधी रोज माझ्यापुढे उभी राहायची. टाकाला बोट लावून म्हणायची, आई, जाऊन येते. मला ती तेव्हा काकी म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझा पदर बाजूला केला. रडली नाही. मला म्हणाली,

"तुमचं भांडण झालं?"

मी हो म्हटलं.

"मग तू जा ना. तिला घेऊन ये."

तेव्हा मी शेतात गेले. लावलेल्या ओळी उपटल्या, पुन्हा लावल्या. पाऊस लागून राहिला होता, एक बांध फुटला होता. चिखल कुठला कुठे गेला होता. चौथ्या दिवशी सोडून दिलं. दोन महिने मी गळा पदराखाली ठेवला, घरात कोणाला कळू दिलं नाही. ती रोज हळूच विचारायची, आली का. मी सांगायचे, येईल.

नवा टाक घातला त्या सकाळी तिनं बोट लावलं आणि म्हणाली, आली. आणि मला पहिल्यांदा आई म्हणाली. म्हणजे त्या सकाळी तिला दोघीही मिळाल्या, आणि त्यातली एक खोटी होती. कोणती, ते मला अजून ठरवता येत नाही.

मला पुढे मूल झालं नाही. गुणाताईंना त्याचा दोष मी आता देत नाही. बरीच वर्षं झाली, मी त्यांच्याशी बोलते. भाताला पाणी किती घालू, हेही विचारते.

तुम्ही आला नाहीत तर आजीची तब्येत बरी नाही असं अक्षदाला सांगेन. इतकं खोटं बोलले, त्यात हे एक.

सुरेखा

*

सिद्धगड पायथा
१४ एप्रिल २०२५

सुरेखा,

नम्रताताईला मी आज दोनदा माघारी धाडलं. आता बोलते.

पैंजण मोडायला मुरबाडला मी सोताच गेले व्हते. सोनार टाकाचे काठ घासायला लागला, तवा मी त्याचा हात धरला. म्हटलं, ऱ्हाऊ दे तसेच. नवीला टोचू देत. उठता बसता टोचू देत. पैसे घेतलेन आन् तसाच दिलान.

तुला टोचला असंल. तू कोणाला बोलली नसशील. मी पत्रं दोनदा वाचून घेतली, त्यात कुठं नाय.

टाक तू कापलास, तो माझा पाठवलेला व्हता. त्यात गुणा किती व्हती आन् माझा राग किती, ते देवालाच ठाऊक. आता जो हाय त्याला तेरा वरसं तू रोज धुतलंस, कुंकू लावलंस. आमी आमच्या घरात तिला एक दिस पानी घातलं नाय. तिच्या नावानं नुसती रडत ऱ्हायले. पूजा व्हायची ऱ्हायली म्हणतेस, ती हळदीच्या सकाळी करू. घरची मानसं असतीलच.

पर अक्षदाला आधी सांग. खोटं घेऊन पोरीनं सासरी जायाचं नाय. तू सांगशील तवा मी तुझ्या बाजूला बसंन. ती रडंल. भांडंल बी, आमचीच हाय. भांडू दे.

हळदीच्या दोन दिस आधी येते. सरळगाववरनं जीप मिळते म्हणतात. न्यायला हरेशला धाडू नको, त्याच्याशी माझं बोलणं व्हायला अजून टाइम हाय. तू ये. मी तुला कधी बघितलं नाय, तर उतरल्यावर आधी गळ्याकडं बघंन. पदर बाजूला ठेव.

तुमा दोघींची,
काशी