यात्रेतला ऑर्केस्ट्रा

९ जानेवारी १९७५, अमडापूर

उकंडरावांनी अक्कल गहाण ठेवली! सरपंच झाले की गाण्यातलंही कळायला लागतं म्हणे. यंदा यात्रेत आमचं भजन नाही — अकोल्याहून ऑर्केस्ट्रा येतोय. विजेची गिटार, इंग्रजी गाणी! "लोकायले नवं पाह्यजे ना, बुवा." आयुष्यभर या गावाला सूर म्हणजे काय ते सांगत आलो, ते सगळं उकिरड्यावर.

१० जानेवारी

सुभद्रेने नवंच खूळ काढलं — तिलाही ऑर्केस्ट्राला जायचंय. लहानपणी तापात हिचे दोन्ही कान गेले. ओठ बघून बोलणं समजून घेते. लग्न झाल्यापासून माझं एक भजन ऐकता आलं नाही बिचारीला, आणि आता हे!

"तुले काय ऐकू येणार आहे?"

"पाह्यीन तं खरं!"

गावात हसं करून घ्यायचं, दुसरं काय.

११ जानेवारी

नाही जाणार म्हणजे नाही.

१२ जानेवारी

गेलो. तिला एकटीला कसं सोडणार?

चार पोरं. केस खांद्यापर्यंत, पँटी खाली एवढ्या रुंद की एकेका पायात पायलीभर ज्वारी मावेल. आधी कितीतरी वेळ नुसतं "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" — आमच्या शहाण्यांनी त्यालाच गाणं समजून टाळ्या वाजवल्या!

आणि बैल! भजन असो की दंडारीचा खेळ, गाड्यांचे बैल आमच्याकडे मंडपामागेच बांधतात. आजही तिथेच बांधले, स्पीकरच्या खोक्यांना लागून. पहिला दणका बसला आणि कडूबाची जोडी दावं तोडून थेट मंडपात! बाया किंचाळल्या, माणसं उड्या मारत पळाली. स्टेजवरच्या दिवट्यांना वाटलं, लोक नाचताहेत — त्यांनी आणखी जोर लावला.

सुभद्रा कुठे दिसेना. मागून बैल आला तरी तिला काय कळणार? लोकांना ढकलत पुढे गेलो. बाई एका काळ्या खोक्याला दोन्ही तळवे लावून उभी! डोळे मिटलेले. हात धरून ओढलं.

"थांबा ना!" केवढ्यांदा ओरडली!

बैल सापडले, पोरांनी पुन्हा सुरू केलं. ताल नाही, सूर नाही, नुसता धिंगाणा. ती हलेना, म्हणून मीही शेवटपर्यंत तिथेच उभा. कानठळ्या बसल्या.

१३ जानेवारी

उकंडराव घरी आले, पडेल चेहऱ्याने. "पुढच्या साली भजनच ठेवू, बुवा." बरं जिरली! अख्ख्या गावाला सांगितलं — त्याला गाणं म्हणणाऱ्याचे कान तपासा.

१४ जानेवारी

तीळ निवडता निवडता सुभद्रा थांबली. छातीवर हात ठेवला. "अजून अथी वाजूनच राह्यलं. इतकं गोड असते काय हो गाणं? तुमचं भजन बी असंच असते?"

हो म्हणालो. अगदी असंच.