खरूज नव्हती, ताई

प्रिय ताई,

‘प्रिय’ लिहिताना हात जड झाला, पण पत्र दुसऱ्या कशाने सुरू करतात ते मला येत नाही. तू खालच्याच मजल्यावर राहतेस, तरी लिहितेय, कारण तुझं तोंड बघायची अजून इच्छा नाही.

चिमणीच्या अंगावरचे तपकिरी डाग म्हणजे खरूज, हे तू दारातूनच ठरवलंस. वसतिगृहाची रेक्टर म्हणून वीस वर्षं मुलींना रांगेत उभं करून कढत पाण्याने आणि काथ्याने घासून काढलंस, तेच माझ्या सहा वर्षांच्या लेकीला केलंस. वर शेजारणीला ऐकवलंस की आईला स्वच्छता ठाऊक नाही. मी कामावर होते. डाग न् डाग पित्ताच्या गांधीसारखा फुगला, पोर लालबुंद झाली, ओकली आणि मोरीतच कोसळली.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पेनाच्या बोथट टोकाने एकच डाग हलकेच घासला आणि घड्याळाकडे पाहत बसल्या. पाच मिनिटांत तो टम्म फुगला. याला मास्टोसायटोसिस म्हणतात. त्वचेत मास्ट नावाच्या पेशी नको तितक्या साठतात आणि घासलं, तापलं की खवळतात. हा आजार कुणाला लागत नाही आणि अस्वच्छतेने तर होतच नाही. वयात येईतो बहुधा ओसरतो, तोवर कोमट पाणी, सुती कपडे, रोजची गोळी, आणि विचारल्याशिवाय वेदनाशामक द्यायचं नाही. घासलंस तूही, ताई, पण त्या काय होतंय ते बघत होत्या.

माफी मागायची सोडून तू लोकरीचा स्वेटर पाठवलास. लोकर तिला घासते. तो कपाटावर पडलाय.

आता कामाचं. सोमवारपासून माझी पाळी दुपारची आहे. शाळेतून आल्यावर दोन तास चिमणीजवळ कुणीतरी हवं, जे ती पुन्हा कोसळली तर डॉक्टरीणबाईंनी दिलेलं तातडीचं इंजेक्शन तिथल्या तिथे मांडीत देईल आणि दवाखान्यात नेईल. मी तिलाच विचारलं, कोण हवं. ती म्हणाली, “मावशी. ती घाबरत नाही.” खरंय ते. त्या दिवशी शेजारीण नुसती किंचाळत होती. चिमणीला आडवं करून पाय उंच धरलेस ते तू, आणि रिक्षापर्यंत उचलून धावलीस तीही तूच. मी तुला माफ केलेलं नाही. पाकिटात घराची किल्ली आहे. रविवारी सकाळी वर ये. बिनसुईचं सरावाचं इंजेक्शन मिळालंय, ते माझ्या मांडीवर मारून बघ. बोलायची गरज नाही.

तुझीच,
अजून रागावलेली धाकटी