झाकणाआतला मासा

ता. ४ मार्च
चि. भुणभुण हिला अनेक आशीर्वाद.
बातमीचा पहिला भाग वाचला. त्याचा खरा खर्च असा: त्या पंप-कंपनीने ‘नवे’ म्हणून विकलेले तीन सीलबंद पंप फोडले, दोन रविवार गेले, अंगठ्याचं नख गेलं, आणि मामी चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. पण तिन्हींत आत भंगारातली मोटर आणि वर ताजा रंग. पंधराव्या वर्षी पाना हातात घेतला. आज बंद दाराआडूनही मोटर जुनी की नवी, हे मी आवाजावरून सांगतो. पुढचा भाग बेधडक छाप. जेवण वेळेवर घे.
तुझा मामा

ता. ९ मार्च
ती. मामांना सा. न. वि. वि.
संपादक म्हणतात, मामांचे कान पुरावा म्हणून जोडता येत नाहीत. कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आहे. शुक्रवारपर्यंत सिद्ध झालं नाही तर पेपर जाहीर माफी मागणार आणि मी घरी बसणार. आधीचं आयुष्य कागदावर दाखवता येईल अशी एक तरी मोटर हवी. मामींचा राग माझ्या नावावर टाका, पण लोभ आटू देऊ नका.
तुमची भाची

ता. १२ मार्च
चि. भुणभुण, आशीर्वाद.
सापडली! दुरुस्त केलेल्या प्रत्येक मोटरीच्या झाकणाआत मी खिळ्याने मासा आणि तारीख कोरतो. परत आली तर गिऱ्हाइकाशी हुज्जत नको. मामी म्हणाली, एवढे फोडलेत, आणखी एक फोडा. चौथ्या पंपाचं सील दोन शेजाऱ्यांसमोर तोडलं. आत माझाच मासा, नऊ वर्षांपूर्वीचा! मोटरीचा नंबर माझ्या तेव्हाच्या वहीत आहे. वहीचं पान, फोटो आणि पंप ‘नवा’ म्हणून विकल्याची कंपनीची पावती सोबत.
तुझा मामा

ता. २६ मार्च
ती. मामांना सा. न. वि. वि.
मासा पहिल्या पानावर! कंपनीच्या मालकाला अटक झाली, फसलेल्या सगळ्यांना खरे नवे पंप मिळणार. वकील आता फोन उचलत नाहीत. ऑफिसात जो तो कागदावर मासे काढतो आहे. त्या चौथ्या पंपाच्या गिऱ्हाइकाचं नाव घालून आभार मानायचे आहेत, तेवढं कळवा. मामींना माझा नमस्कार आणि तुमच्या कानांना सलाम.
तुमची भाची

ता. ३० मार्च
चि. भुणभुण, आशीर्वाद.
आनंद झाला. मामी बोलू लागली, खरं तर थांबतच नाही. आभार मानू नकोस, नाव तर मुळीच छापू नकोस. ये एकदा, दोघं वाट पाहतो.
तुझा मामा
ता. क. तो पंप आपल्याच घरचा. चार वर्षं रोज सकाळी मी त्याचा आवाज ऐकत होतो.